कॅट आपोआप मरत नाही



कानात हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि रेंज नाही म्हणून हा मजकूर वाचणाऱ्यांनाही नमस्कार. आमच्या धानोरा तालुक्यात दुसऱ्या गटातली मंडळी भरपूर आहेत. ऑडिओ अर्ध्यात अडकतो, अक्षरं मात्र उघडतात. म्हणून प्रत्येक भाग लिहूनही टाकतो.

नवीन मंडळींना सांगतो, मी धानोऱ्यात गाड्यांचं काम करतो. आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आला. मुरूमगावकडच्या एका मित्राचा मेसेज होता. दोघा भावांनी तेंदूच्या हंगामाचे पैसे साठवून नागपूरहून सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, २०१६ चं मॉडेल. आईला दवाखान्यात न्यायला दर वेळी कोणाच्या तरी गाडीची वाट पाहावी लागायची, म्हणून. पाचव्या दिवशी मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. शहरातल्या एका गॅरेजने स्कॅनर लावला आणि म्हणाले, "कॅट गेला, नवीन टाकावा लागेल." आकडा असा सांगितला की गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा त्यातच जाईल. दुसरा एक जण म्हणाला, "कशाला एवढा खर्च? आतली जाळी फोडून काढतो, दोन हजारात काम." मित्र विचारतो, "दादा, यातलं काय करू?"

माझं उत्तर, दोन्ही नको. कारण अजून निदान झालंच नाही.

आधी हा कॅट म्हणजे काय ते पाहू. आपण सगळ्यालाच 'सायलेन्सर' म्हणून मोकळे होतो, पण ती एक लांब साखळी आहे. इंजिनातून निघालेला धूर आधी मॅनिफोल्डमध्ये येतो, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे कॅटमध्ये. पुढे लवचीक पाइप, मग डबा, मग मागचा सायलेन्सर. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅट गाडीखाली नसतोच. बॉनेट उघडा, इंजिनाला चिकटून, पत्र्याच्या आवरणामागे लपलेला दिसेल.

कॅटच्या आत चिनीमातीसारख्या पदार्थाची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. एका चौरस इंचात ४०० च्या आसपास भोकं. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महाग धातूंचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड इथून जाताना कार्बन डायऑक्साइड होतो. न जळलेलं पेट्रोल इथे जळून जातं. नायट्रोजनचे ऑक्साइड मोडून साधा नायट्रोजन होतो. आतली जाळी साधारण २५० ते ३०० अंशांना तापली की काम सुरू होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. या कामात कॅट स्वतः खर्च होत नाही. चुलीवरचा तवा रोज भाकरी भाजतो, पण तवा काही संपत नाही ना? तसंच. इंजिन निरोगी असेल तर कॅट वर्षानुवर्षं चालतो. तो आपोआप मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. त्यामुळे "कॅट गेला" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, "कशामुळे गेला?" याचं उत्तर नसताना नवीन कॅट टाकला, तर ज्याने जुना मारला तोच नव्यालाही मारणार. पैसे दोनदा जाणार.

मारणारे कोण? आपल्या भागात मला वारंवार भेटतात ते सांगतो.

पहिला आणि सगळ्यात मोठा, मिसफायर. एखादा प्लग किंवा कॉइल कमजोर झाली की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाही. ते तसंच कॅटमध्ये जातं आणि तिथे पेटतं. आतलं तापमान १००० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. जाळी वितळते, भोकं बुजतात. म्हणून चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्या. पण तो लुकलुकत असेल, तर तसंच रेटू नका. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर जोरात आहे आणि कॅट आत्ता, या क्षणी भाजतोय.

दुसरा, इंजिन ऑइल जळणं. जुन्या गाडीचे रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले की ऑइल धुरात जातं. ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त त्या महाग धातूंवर बसतात. तव्यावर काजळी चढावी तसं. खूण काय? निळसर धूर, आणि दर महिन्याला ऑइल कमी होणं.

तिसरा, कूलंट. हेड गॅस्केट गेलं की रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर इकडे पाहा. थंडीत सकाळी दोन मिनिटं येणारी पांढरी वाफ वेगळी, ती सगळ्यांच्या गाडीतून येते. तिला घाबरू नका.

चौथा मारणारा म्हणजे आपले रस्ते. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहतं आणि आपण तापलेली गाडी त्यात घालतो. तापलेल्या जाळीला एकदम गार पाणी लागलं की तडे जाऊ शकतात. उन्हाळ्यात दगडावर गाडी खालून घासते. ज्यांचा कॅट खाली आहे, त्यांना थेट मार बसतो.

पाचवा, धक्का स्टार्ट. बॅटरी बसली की चार पोरं जमवून गाडी ढकलायची आपल्याकडे सवयच आहे. गाडी पटकन सुरू झाली तर ठीक. पण दहा वेळा ढकलली आणि सुरू झाली नाही, तर प्रत्येक वेळी कच्चं पेट्रोल कॅटमध्ये साचतं. पेट्रोल गाडीला शक्यतो दुसऱ्या बॅटरीवरून जंपर केबलने सुरू करा.

आणि सहावं, भेसळीचं पेट्रोल. पंप लांब आहे म्हणून दुकानातली बाटली ओततो, त्यात काय मिसळलंय कोणाला माहीत?

इथे थोडा इतिहास, कारण तो खरेदीच्या कामाचा आहे. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल कारना कॅट सक्तीचा झाला, आणि त्यासोबतच शिसं नसलेलं पेट्रोल आलं. दोन्ही एकत्र का? कारण पेट्रोलमधलं शिसं कॅटला निकामी करतं. नंतर २००० साली शिशाचं पेट्रोल देशभरातून गेलं. पुढे भारत स्टेज ४ चा नियम एप्रिल २०१० मध्ये आधी १३ शहरांत आला. आपल्या राज्यातून त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. मग एकेक शहर वाढत गेलं आणि पूर्ण देशात १ एप्रिल २०१७ ला लागू झाला. म्हणजे त्या मधल्या वर्षांत एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक पुण्याची आणि एक आडगावची, वेगवेगळ्या नियमाच्या असू शकतात. हे महत्त्वाचं का? २०१३ पासून भारत स्टेज ४ च्या गाड्यांत कॅटवर लक्ष ठेवणारी संगणक व्यवस्था बंधनकारक झाली. भारत स्टेज ३ मध्ये ती नसूही शकते. म्हणून सेकंडहँड गाडी घेताना आरसीवर किंवा परिवहनच्या ॲपवर कोणता स्टेज लिहिलाय ते आधी बघा.

चला, आता फोन हातात घ्या. निदानाचं अर्धं काम तोच करतो.

डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या आसपास, १६ पिनांचा एक सॉकेट असतो. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ डोंगल हजार रुपयांच्या आत मिळतो. टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप घ्या. मजा म्हणजे एकदा ॲप उतरवलं की नेटवर्क लागत नाही. भर जंगलात, शून्य रेंजमध्येही चालतं. आयफोनवाल्यांनी विकत घेताना आपल्या फोनला चालणारा डोंगल आहे का ते विचारून घ्या.

मित्राला मी म्हटलं, गाडी घेऊन ये. आरसी पाहिली, भारत स्टेज ४. डोंगल लावला, दोन कोड निघाले. एक पी०४२०, म्हणजे कॅटचं काम कमी पडतंय. दुसरा पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. शहरातल्या गॅरेजने त्याला पहिलाच कोड सांगितला होता. खरा गुन्हेगार दुसऱ्यात होता.

कोड म्हणजे निकाल नव्हे, तक्रार आहे. तक्रार खरी की खोटी ते लाइव्ह डेटात पाहायचं. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. गाडी चांगली गरम झाल्यावर पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वर-खाली नाचतो. मागचा मात्र ०.६-०.७ च्या आसपास शांत बसलेला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल, तर कॅट ऑक्सिजन साठवू शकत नाही. म्हणजे तो थकलाय, नाहीतर आत पोकळ आहे. काही गाड्यांत पुढे वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, त्याचा आलेख असा नाचत नाही. तेव्हा मागच्यावरच लक्ष द्या.

त्यानंतर फ्युएल ट्रिम बघा. अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन आकड्यांची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत हवी. अधिकमध्ये खूप गेली तर कुठून तरी जादा हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी मिळतंय. उणेमध्ये गेली तर पेट्रोल जास्त जातंय.

मित्राच्या गाडीत ट्रिम अधिककडे झुकलेली होती. गाडी रात्रभर गार होऊ दिली, सकाळी सुरू केली, तर मॅनिफोल्डजवळ टिक-टिक आवाज. पाच मिनिटांत आवाज गायब. ही धुराच्या गळतीची पक्की खूण. गार असताना जोडात फट असते, लोखंड तापून फुगलं की ती बुजते. टॉर्च मारली तर गॅस्केटच्या कडेला काळी काजळी. ही गळती पहिल्या सेन्सरच्या आधी असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो, संगणक उगाच जास्त पेट्रोल टाकतो आणि ते जास्तीचं पेट्रोल पुन्हा कॅटच्या माथी.

आम्ही तीन नंबरची कॉइल एक नंबरला लावून पाहिली. मिसफायर तिच्यासोबत एक नंबरला गेला. निदान पक्कं! नवीन कॉइल, चारही प्लग, मॅनिफोल्डचं गॅस्केट. कोड पुसले. मग मित्र धानोरा ते गडचिरोली अशा फेऱ्या मारत राहिला. संगणकाने कॅटची तपासणी पुन्हा पूर्ण केली आणि पी०४२० परत आला नाही. मागचा सेन्सर आता शांत आहे. कॅट मेला नव्हता, त्याला मारणं सुरू होतं. वेळेत हात धरला.

दर वेळी असं गोड होत नाही, हेही सांगतो. जाळी एकदा वितळली की ती परत जिवंत होत नाही. बाजारातल्या बाटल्या पेट्रोलमध्ये ओतून वितळलेली जाळी सुधारत नाही. बुजलेला कॅट कसा ओळखायचा? गाडी उभी असताना ठीक वाटते, पण चढावर जीव सोडते. ॲक्सिलरेटर दाबला तरी एका आकड्याच्या पुढे जात नाही, जणू कोणी मागून धरून ठेवलंय. ॲव्हरेज पडतं, इंजिन गरम होतं. खात्री करायला मिस्त्रीला सांगा, पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लाव. उभ्या गाडीत दाब साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत हवा. त्याहून बराच वर गेला तर वाट बंद आहे. गाडी पूर्ण गार असताना कॅटवर मुठीने हलकं ठोकूनही बघा. आत खुळखुळलं तर जाळी फुटली. फक्त आधी बाहेरचं पत्र्याचं आवरण सैल नाही ना ते तपासा. सैल पत्र्याचा खडखडाट दाखवून कॅटचं बिल लावलेलं मी पाहिलंय. तो खडखडाट एका क्लॅम्पमध्ये थांबतो.

आता जे गाडी घेणार आहेत, अजून पैसे दिलेले नाहीत, त्यांनी नीट ऐका.

गाडी गार असताना बघायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर विचारा, का बरं? बॉनेटवर हात ठेवला की कळतं.

चावी फक्त ऑन करा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. आधी लागलाच नाही, तर कोणीतरी दिव्याचा बंदोबस्त केलाय.

डोंगल लावा. "एकही कोड नाही" एवढ्यावर खूश होऊ नका. ॲपमध्ये कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ते बहुतेक गाड्यांत दिसतं. तिथे १२ किलोमीटर दिसलं तर काल रात्रीच कोड पुसलेत. 'रेडिनेस'मध्ये कॅटॅलिस्टसमोर अपूर्ण लिहिलं असेल तरी तोच अर्थ. बॅटरी बदलली असंही कारण सांगतील. सांगू द्या. तुम्ही म्हणा, "चालवून तपासणी पूर्ण करून दाखवा, मग पैसे देतो."

कॅटजवळ ताजं वेल्डिंग दिसतंय का? मागच्या सेन्सरखाली जादा नट किंवा नळकांडं लावलंय का? ते संगणकाला फसवायला लावतात. कॅटमधले धातू काही ग्रॅमच असतात, पण भंगारात त्यांना चांगला भाव येतो. म्हणून काही लोक आतला ऐवज काढून विकतात आणि रिकामा डबा तुमच्या गळ्यात मारतात.

शेवटची युक्ती सगळ्यात स्वस्त आहे. गाडी पीयूसी केंद्रावर न्या, आपल्यासमोर नळी घालायला लावा आणि पावतीवरचे आकडे वाचा. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीला उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. निरोगी कॅट असेल तर आकडे त्याच्या खूप खाली येतात. काठावर पास झालेली गाडी म्हणजे काठावरचा कॅट. आणि नळी न घालताच पावती हातात देणारा भेटला, तर त्या पावतीची किंमत कागदाइतकीच.

डिझेलवाल्यांनो, तुम्हाला विसरलो नाही. तुमचं गणित वेगळं आहे. २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालवली तर तो तापत नाही आणि तुंबतो. त्याचा दिवा लागला की गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. त्यावर एक पूर्ण भाग करू.

आता पोकळ करण्याबद्दल. कायद्याने गुन्हा आहे. प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मी दंडाची भीती घालत नाही. मला भीती वेगळीच आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट पकडतं. कॅट पोकळ, त्यात पाइपला भोक, आणि खालचा पत्रा गंजलेला. अशी गाडी रात्री लग्नाच्या मांडवाबाहेर उभी आहे, थंडी म्हणून काचा बंद, हीटर सुरू, मागे लेकरं झोपलेली. काय होऊ शकतं ते मी सांगायला नको. गाडीत बसलेल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली, तर त्याला 'गाडी लागली' म्हणू नका. काचा उघडा, सगळ्यांना खाली उतरवा, मोकळ्या हवेत न्या आणि दवाखाना गाठा. कॅट चांगला असला तरी इंजिन सुरू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही. हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा.

आणि एक खास आपल्या जंगलातल्या लोकांसाठी. चालू गाडीचा कॅट आतून ४०० ते ८०० अंश तापलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये आपण मोह वेचायला जातो, मेमध्ये तेंदूला. गाडी रस्त्याच्या कडेला पालापाचोळ्यावर उभी करतो. वाळलेलं गवत तापलेल्या सायलेन्सरला टेकलं की पेट घेऊ शकतं. मिसफायर होणाऱ्या गाडीत तर धोका आणखी जास्त. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकांमध्येही हा इशारा दिलेला असतो, आपण ती पुस्तिका उघडत नाही एवढंच. गाडी नेहमी उघड्या मुरुमावर लावा. पाला असेल तर आधी पायाने बाजूला सारा.

तर मंडळी, कोणी म्हणालं कॅट गेला, तर विचारा कशामुळे. आधी मिसफायर, मग गळती, मग ऑइल आणि कूलंट, मग ट्रिम आणि सेन्सर. हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी कॅट. बदलायची वेळ आलीच, तर मारणारा आधी दुरुस्त करा आणि बिल घेऊन चांगल्या प्रतीचा कॅट टाका.

तुमच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवायचा असेल तर गाडीचा नंबर झाकून पाठवा. मॉडेल, वर्ष, भारत स्टेज आणि दिवा कधी लागला एवढं लिहा. आणि हा भाग त्या दोस्ताला पाठवा, जो या रविवारी नागपूरला गाडी बघायला निघालाय.

भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा. रामराम, जोहार!